बाईंचा वाफा

कारकून फाटकाशी दिसला तसा ड्रायव्हरने बाईंच्या वाफ्यातलं उरलंसुरलं तण उपटलं, मधली तार ओलांडली आणि आपल्या टोमॅटोपाशी उकिडवा बसून भारी कामात असल्याचा आव आणला. बासष्टाव्या वर्षी तार ओलांडायची म्हणजे चेष्टा नाही. विजारीचा पाय अडकला तो अडकलाच.

पाण्याच्या टाकीमागच्या त्या मोकळ्या जागेत बावीस वाफे होते. घरचं पिकवून खायची हौस असेल त्याला समिती एक वाफा द्यायची. नियम दोनच. तीन महिने वाफा पडीक राहिला तर तो यादीतल्या पुढच्या माणसाला जाणार. आणि दुसऱ्याच्या वाफ्यात हात घालायचा नाही. घातला तर दोघांचेही वाफे जाणार. हा दुसरा नियम भाजीचोर आणि आपला वाफा परस्पर दुसऱ्याला देणारे, दोघांसाठी केलेला. ड्रायव्हर काही चोरत नव्हता, पण नियमाला हे कोण समजावणार?

महिन्यातून एकदा वही घेऊन यायचं, हे कारकुनाचं काम. तो बाईंच्या वाफ्यापुढे थांबला. काकड्या लोंबत होत्या, वांगी चकाकत होती.

"वा, हिरवागार!" म्हणत त्याने वहीत खूण केली. मग ड्रायव्हरकडे वळला. "तुमच्या टोमॅटोंनी मात्र मान टाकलीय."

"ऊन फार आहे हो."

"ऊन काय तुमच्या एकट्याच्याच वाफ्यात पडतं?" कारकून हसला आणि पुढे गेला.

गोष्ट पाण्याची होती. जो स्वतः हजर असेल त्यालाच रोज चार झाऱ्या पाणी मिळायचं. आपल्या चारातल्या तीन ड्रायव्हर बाईंकडे रिकाम्या करायचा.

बाई म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. सहा वर्षांपासून शेजारच्या वाफ्यात. तीस वर्षं बस चालवलेल्या या माणसाला रोप कसं लावायचं ते त्यांनीच शिकवलं, आणि शिकवताना वर्गातल्यासारखं झापलंही. "ड्रायव्हरसाहेब, रोप आहे ते, गिअर नाही. हळू!" मग त्याची भेंडी तारेवरून तिकडे, त्यांची काकडी इकडे. बाई नवऱ्यामागे एकट्या, हा पहिल्यापासूनच एकटा. पण भाजीपलीकडे बोलणं कधी गेलं नाही. आता मात्र झारी घेऊन तो रोज एकच वाक्य घोकायचा, "बाई, तुमच्याशिवाय मला इथे करमत नाही." काकड्यांना ते पाठ झालं असेल.

लेकीच्या बाळंतपणाला त्या गेल्या त्या "दोन महिन्यांत येते" म्हणून. आता पाचवा महिना लागला होता. त्यांचा फोन नंबर समितीच्या कार्यालयात होता. पण मागायचा कोणत्या नात्याने?

"दादा, एवढी ताजी भाजी जाते तरी कुठे?" धाकटी बहीण त्याला डबा द्यायला यायची, तिने एकदा कंबरेवर हात ठेवून विचारलं. "आपल्या ताटात तर बाजारातली शिळी वांगी."

"ती बाईंची आहेत. त्यांना न विचारता कशी खायची?"

काढलेली भाजी तो फाटकाजवळच्या टोपलीत ठेवून द्यायचा, कुणीही न्यावी. दोन काकड्या तेवढ्या वेलावरच पिवळ्या होऊ दिल्या होत्या, बियांसाठी. बाई बी कधी विकत आणत नसत.

"एवढा जीव जडलाय तर जायच्या आधी बोलायला काय झालं होतं तुला?"

"आल्या की बोलतो."

"आणि नाही आल्या तर?"

"अगं, त्यांचा वाफा आहे ना इथे! वाफा आहे तोवर येतील. तोच दुसऱ्याकडे गेला तर कशाला येतील त्या?"

बहिणीने कपाळावर हात मारून घेतला. पण दुसऱ्या दिवशी डब्यासोबत जुन्या चादरीच्या पट्ट्या फाडून आणल्या, वेल बांधायला.

पुढच्या महिन्यात कारकून चार दिवस आधीच उगवला, तोही वहीशिवाय. ड्रायव्हरचे दोन्ही हात कोपरापर्यंत बाईंच्या मातीत होते. तार ओलांडायला वेळच मिळाला नाही.

"सापडलो," तो उठत म्हणाला. "माझा वाफा घ्या. बाईंचा नका घेऊ, त्यांना यातलं काही माहीत नाही."

"बसा हो. मला पहिल्या महिन्यापासून माहीत आहे." कारकून स्वतःच बांधावर टेकला. "मी कधी बोललो? पण आता उपयोग नाही. बाईंनी वाफा सोडला. काल फोन आला होता."

"सोडला? आणि तो का? एवढा फुललाय!"

"तेच तर. दर महिन्याला त्या फोन करून विचारायच्या, माझा वाफा वाळला का हो? मी सांगायचो, छे, हिरवागार आहे. मग विचारायच्या, कोण बघतंय? आता तुमचं नाव घेतलं तर दोघांचेही वाफे जाणार. मी म्हणायचो, ते काही मला सांगता येत नाही. त्यांची समजूत झाली, समितीने नवं माणूस आणून बसवलं."

ड्रायव्हरने हातांची माती विजारीला पुसली. मग विचारलं, "रागावल्या का?"

"नाही हो. रडल्या," कारकून म्हणाला. "म्हणाल्या, लेक काही केल्या सोडत नाही, आणि आईला कुणासाठी परत जायचंय हे लेकीला कोणत्या तोंडाने सांगू? वाफा वाळतोय एवढं जरी तुम्ही एकदा म्हणाला असतात, तरी मी त्याच दिवशी निघाले असते."