भागूच्या गालावरचा उजेड

"भागूच्या गालावर हा उजेड कोणी पाडलाय, सर?" पुण्याच्या संपादक बाईंनी फोनवर विचारलं. स्पीकर चालू होता.

सुदर्शन खुर्चीत सावरून बसला. भागू त्याची पोर, कागदावरची. बसकं नाक, दोन वेण्या, बापासंगं रात्री उसाला पाणी द्यायला निघालेली. मंचरच्या शाळेत चित्रकला शिकवता शिकवता दोन वर्षं त्यानं तिची एकेक रेघ घडवली होती. या खेपेला मात्र पेपर तपासायचे होते, म्हणून रंग भरायला त्यानं टॅबलेट आरतीकडे, बायकोकडे दिला होता.

"मीच," तो म्हणाला.

स्वयंपाकघरात आरती शेंगदाणे कुटत होती. खलबत्ता थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

"कमाल केलीत. मागच्या चित्रात तुम्ही निळं चांदणं दाखवलं होतं. छान होतं, पण कॅलेंडरसारखं. हा बॅटरीचा उजेड पडला आणि पोर जिवंत झाली बघा. पुस्तकाच्या मुखपृष्ठाला हाच उजेड हवा. मुखपृष्ठाचं तुमचं रेखाटन पसंत आहे, रंग भरून संध्याकाळपर्यंत पाठवा."

छान होतं, पण. फोन ठेवला तरी ते 'पण' त्याच्या कानातून जाईना.

त्यानं टॅबलेटवर ते चित्र उघडलं. बाजूला लेयरची, चित्राच्या एकावर एक थरांची, यादी होती. रेघा, कपडे, ऊस, आभाळ, ही नावं त्यानं दिलेली. सगळ्यात वर आरतीनं टाकलेली एकच लेयर होती: उजेड. त्यानं ती बंद केली. भागू विझली. पुन्हा चालू केली, तर तिच्या हनुवटीवर, गालावर पिवळी तिरीप आली, डोळ्यांत भीती आली, आणि मागचा ऊस एकदम काळा होऊन अंगावर आला.

भागूच्या ओढणीवरून तर त्यानं वादही घातला होता. "लाल ओढणी अशी मातकट का केलीस?"

"रातच्याला लाल रंग लाल दिसत न्हाई," आरती म्हणाली होती. "माहेरी पिंपळवंडीला मी दादांसंगं उसाचं पाणी वळवायला, दारं धरायला जायची की. बघितलंय मी."

फळ्यावर माठ काढून मुलांना छायाप्रकाश शिकवण्यात सुदर्शनची अठरा वर्षं गेली होती. हिला ब्रश धरायला कुणी शिकवलं नव्हतं. आपल्या पोरीनं दुसऱ्याच्या कडेवर जाऊन खुदकन हसावं, तसं त्याला झालं. त्यानं लेयर पुन्हा बंद केली. पुन्हा चालू केली.

पदराला हात पुसत आरती बाहेर आली.

"काय म्हणल्या बाई?"

तिनं सगळं ऐकलं होतं, हे त्याला ठाऊक होतं.

"मुखपृष्ठ मागितलंय."

"आन् उजेड तुमी पाडला म्हणून सांगितलं."

"पोर शेवटी माझी आहे, आरती. मी काढलीय तिला."

"व्हय की. मी कुठं न्हाई म्हणते?" स्टूल ओढून ती त्याच्याशेजारी बसली. "मग मलाबी शिकवा. कसा पाडलात?"

आवाजात टोमणा असता तर त्याला बरं वाटलं असतं.

त्यानं पेन उचललं. मुखपृष्ठावरची भागू बांधावर उभी होती. उजव्या हातात बॅटरी, डाव्या खांद्यावर खोरं. त्यानं पिवळा घेतला, त्यात थोडा नारिंगी मिसळला. गाल, कानाची पाळी, मानेची कड. हात हलका ठेवून, श्वास धरून तो रंग लावत गेला. जमतंय, असं त्याला वाटायला लागलं. हनुवटी तळहातावर टेकवून आरती बघत होती. मग हळूच म्हणाली,

"बॅटरी उजव्या हातात हाये तिच्या."

उजेड डाव्या गालावर पडला होता.

सुदर्शनचे कान तापले. आरतीचा हात टेबलावर होता, त्याच्या हातापासून वीतभर अंतरावर. पेन नुसतं तिच्याकडे सरकवलं असतं तरी झालं असतं.

त्यानं उजेड पुसला नाही. भागूच्या उजव्या हातातली बॅटरी पुसली, डाव्या खांद्यावरचं खोरंही पुसलं, आणि बॅटरी डाव्या हातात काढायला घेतली.