पाच मीटरांची साक्ष

"मीटर चोख आहे," मास्तर म्हणाले आणि त्यांनी कॅमेरा नर्सबाईंपुढे सरकवला. "तुमची फिल्मच शिळी असणार."

नर्सबाईंनी पर्समधून एक स्लाइड काढून खिडकीशी धरली. आईच्या सत्तरीचा फोटो होता. काळी खुर्ची दिसत होती, मागचा पडदा दिसत होता. आईच्या चेहऱ्याच्या जागी मात्र नुसती सफेदी होती.

"फिल्म नवी होती काका. आणि मीटर तुम्हीच लावून दिलात."

जुने कॅमेरे दुरुस्त करणाऱ्यांत मास्तरांचं नाव होतं ते त्यांच्या डोळ्यामुळे. उजेड किती आहे ते आधी मास्तर सांगत, मग मीटरचा काटा सांगे, आणि दोघांचं जमे. त्यामुळे त्यांच्याशी वाद घालायच्या फंदात सहसा कोणी पडत नसे. नर्सबाई पडल्या. त्यांनी पिशवीतून दुसरा कॅमेरा काढला. नवाकोरा होता, अजून कोणी उघडलेला नव्हता.

"या दोघांचं जमत नाही," त्या म्हणाल्या.

मास्तरांनी खिडकीत राखाडी पुठ्ठा उभा केला. दोन्ही कॅमेरे त्याच्यावर रोखून झाले. नवा म्हणाला, उजेड भरपूर आहे. जुना म्हणाला, बेताचाच आहे. कॅमेऱ्याला उजेड कमी वाटला की तो जास्त आत घेतो, आणि मग चेहरे पांढरे पडतात, एवढं नर्सबाईंनाही ठाऊक होतं.

"अगं, कपाटातले चार काढ," मास्तर बायकोला म्हणाले.

मास्तरीणबाईंनी काढले. चौघांचेही काटे जुन्या कॅमेऱ्याच्याच बाजूने उभे राहिले.

"पाचामुखी परमेश्वर," मास्तर हसून म्हणाले. "तुमचा नवाच थापा मारतोय. परत करून टाका."

नर्सबाईंचा चेहरा उतरला. "सॉरी काका," म्हणत त्या आवराआवर करू लागल्या.

मास्तरीणबाई कपाटाशी उभ्या होत्या. अलीकडे दुकानात येणाऱ्या प्रत्येक कॅमेऱ्याचा रोग एकच निघत होता: काटा फार वर जातो. मास्तर झाकण उघडत आणि काटा खाली ओढत. घरी ट्यूब बदलून झाल्या होत्या, तरी संध्याकाळी ते पायरी पायाने चाचपत. डोळ्यांचा विषय काढला की घर डोक्यावर घेत, म्हणून मास्तरीणबाईंनी तो काढणंच सोडलं होतं. आता ही मुलगी माफी मागून चालली होती. मास्तरीणबाईंना नवऱ्याची कीव आली, आणि कीव आली याचाच राग आला.

"अहो," त्या म्हणाल्या, "ते पाचही तुम्हीच लावलेत."

"मग?"

"मग पाच कसले? एकच झाला की."

मास्तरांनी खिडकीकडे पाहिलं.

"काच पुसली होतीस आज?"

"पुसली होती."

"ढग आले असतील."

नर्सबाईंनी बाहेर पाहिलं. रस्त्यावर लख्ख ऊन होतं, समोरचा न्हावी डोळ्यांवर हात धरून उभा होता. "काका, तुम्ही डोळे एकदा..." सवयीने त्यांच्या तोंडून निघालं. मास्तरीणबाईंनी हातानेच त्यांना थांबवलं.

मास्तरांनी नर्सबाईंचा जुना कॅमेरा ओढून घेतला आणि वरचं झाकण काढलं. स्क्रूड्रायव्हर हातात घेतला, पण मान खाली घातली नाही. आजवर या टेबलावर त्यांनी बायकोला फडकंसुद्धा मारू दिलं नव्हतं.

"इकडे ये. काट्यावर लक्ष ठेव," ते म्हणाले. "नव्याइतका वर आला की सांग."

मास्तरीणबाई वाकल्या. मास्तरांनी स्क्रू केसभर फिरवला.

"आला?"

"नाही."

त्यांनी आणखी थोडा फिरवला. मग आणखी. नर्सबाई उगाचच पिशवीत काहीतरी शोधू लागल्या.

"अजून?"

"अजून."

मास्तरांचा हात थांबला.

"एवढा फरक?" त्यांनी विचारलं.

"एवढा नाही," मास्तरीणबाई म्हणाल्या. "फिरवा अजून."