बाईंची भाची

"आई, पाणी पिऊन येऊ?"

सगळा वर्ग फिदीफिदी हसला. बाईंना चुकून आई म्हणणारी मुलगी वर्षाकाठी एखादी निघतेच. तिची चार दिवस टर उडते नि विषय संपतो. पण तिसऱ्या बाकावरची ही पोरगी चुकली नव्हती. ती बाईंच्या पोटचीच होती.

शाळेच्या लेखी मात्र भाची. वसतिगृहात राहणारी बाई एकटी हवी, लेकुरवाळी चालायची नाही, असा तिथला नियम. खरं कळलं तर नोकरी जाणार, डोक्यावरचं छप्परही जाणार. म्हणून पोरीला बजावलेलं: वर्गात बाई म्हणायचं, खोलीवर मावशी. आई हा शब्द गिळायचा. पोरीनं तो गिळला होता. आज अंगात ताप होता, निसटला.

"बाई, पुस्तकातल्यासारखं जवळ घ्या ना तिला!" मागून एक आगाऊ ओरडली.

वसतिगृहातल्या मुलींच्या गोष्टी लिहून बाईंनी मोठं नाव काढलं होतं. त्यातली एक पोरकी मुलगी चुकून बाईंना आई म्हणते, बाई तिला पोटाशी धरतात, आणि त्या पानावर घरोघरच्या मुली मुसमुसून रडतात. कागदावर माया करायला कुणाच्या बापाचं काय जातं?

आणि इथं तर आयतीच सोय झाली होती. थट्टेथट्टेत लेकीला जवळ घेतलं असतं, तरी कुणाला संशय आला नसता. बाई बाकाकडे निघाल्याही. तेवढ्यात दारात मोठ्या बाई उभ्या दिसल्या. कुणाला ठेवायचं, कुणाला घालवायचं, सगळं त्यांच्या हातात.

बाई जागीच थांबल्या.

"इथं कुणी कुणाची आई नाही!" त्या पोरीवर खेकसल्या. "बस खाली!"

पोरगी बसली नाही.

"अहो, लेकरावर कशाला ओरडता?" मोठ्या बाई आत आल्या. त्यांनी पोरीच्या पाठीवर हात ठेवला. "काय गं, तुझी आई कुठं असते?"

बाईंनी उत्तर पढवून ठेवलं होतं: परगावी, नोकरीला. आता पोरगी तेवढं म्हणाली की सुटलो. त्यांच्या मुठीत खडू मोडला.

पोरीनं त्यांच्याकडं सरळ बघितलं.

"वारली."

"अरेरे! कधी गं?"

"आत्ताच."