डोळ्यांत तेल घालून

अलेक्झांड्रियाच्या आमच्या जहाज-प्रशिक्षण केंद्रात कॅप्टन गाबेरना माझ्या वर्गातल्या वगदीशिवाय दुसरं कोणी दिसतच नाही. न्याहारीला गरम फलाफल आले, तरी पहिला वगदीला! परवा नकली ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवायच्या सरावाच्या खोलीत, त्यांनी आम्हा दोघांना पहाऱ्यावर उभं केलं आणि कामं वाटून दिली. माझं लक्ष कुठे त्यांच्याकडे? आज या लाडोबाची चूक पकडायचीच, एवढंच माझ्या डोक्यात.

आणि सापडली! पठ्ठ्या रडारमधून मान वर काढायलाच तयार नाही. मी मुद्दाम गप्प राहिलो. थोड्या वेळाने धाडकन आवाज झाला. खिडकीच्या जागी लावलेल्या पडद्यावरच्या समुद्रात एक कोळ्यांची होडी आमच्या जहाजाखाली गेली होती.

"कॅप्टन, मी डोळ्यांत तेल घालून बघत होतो," मी सगळ्यांसमोर म्हणालो. "तुमच्या वगदीनं खिडकीबाहेर एकदाही पाहिलं नाही!"

"एकदाही नाही?"

"वल्लाही, अल्लाची शपथ, एकदाही नाही!"

कॅप्टननी शांतपणे चहाचा घोट घेतला.



"बाळा, त्याला मी रडारच दिलं होतं. खिडकी तुझ्याकडे होती."