उपचार अयशस्वी

मशीनने तिसऱ्यांदा तेच सांगितलं, "पेशंट चालू शकत नाही. उपचार अयशस्वी."

"अरे बाबा, मी वीस वर्षं चालत नाहीये!" हेमांगी गावंडे खाटेवरून ओरडल्या. कॉलेजात असताना अपघात झाला, तेव्हापासून त्या व्हीलचेअरवर होत्या. आज सकाळी वर्गात गणित शिकवताना त्यांची वाचा गेली आणि उजवा हात लुळा पडला. कणीएवढ्या रोबोने मेंदूतली रक्ताची गुठळी काढली आणि दुपारपर्यंत वाचा परत आली, हातही हलू लागला.

"मॅडम, तुम्ही ठणठणीत आहात," डॉक्टर देशमुख म्हणाले. "त्याचं काय मनावर घेता? घरी जा."

"आणि ते मशीन माझ्यावरून काय शिकणार?"

कुणाची गुठळी काढायची हे आता मशीनच ठरवत असे, आधीच्या पेशंटांचे निकाल बघून.

"उद्या माझ्यासारखी कुणी आली, तर ते म्हणणार, उपयोग नाही, राहू द्या. मग ती जन्मभर मुकी!"

"निकाल बदलायचा अधिकार हॉस्पिटलच्या समितीला आहे हो. आणि त्यांची बैठक सोमवारी."

हेमांगीबाई व्हीलचेअरवर बसल्या, डॉक्टरांच्या केबिनच्या दारात गेल्या आणि त्यांनी ब्रेक लावले. "सोमवारपर्यंत मी इथेच आहे. नाहीतर आत्ता त्यांना फोन लावा."

डॉक्टरांनी वैतागून फोन लावला. पलीकडून पहिलाच प्रश्न आला, "पेशंटला बोलता येतं का?"

"तुम्हीच ऐका," म्हणत त्यांनी फोन हेमांगीबाईंच्या हातात दिला.