हवेतलं दार
"जिनं काही कापायचंच नाही, ती सुरी ठेवायची कशाला?" मी ओरडले. "दॅट्स नॉट अ किचन नाइफ, आई! ती फक्त हवेत फिरवायची असते!" जुई माझ्याहून मोठ्यानं ओरडली. लेक कॉलेजात जाऊन विक्का नावाचा जादूटोण्याचा पंथ पाळायला लागली, तेही मी गिळलं होतं. आज खंडेनवमी. घरातल्या हत्यारांची पूजा, म्हणून पाटावर नवऱ्याचं ड्रिल, माझी विळी मांडली आणि कौतुकानं तिच्या पूजेतली काळ्या मुठीची सुरीही. बोथट होती, मी धार लावली आणि त्याच सुरीनं कोहळा कापला. जुई रडत बॅकयार्डात गेली आणि मिठाचं रिंगण आखून भर उन्हात आत बसली. "घरात चल, टेक्ससचं ऊन आहे हे." "सुरीनं हवेत दार कापल्याशिवाय रिंगण ओलांडत नाहीत. आणि सुरी तर तू खराब केलीस." माझं डोकंच फिरलं. चिमूटभर मीठ, त्याचं एवढं स्तोम! तिला ओढून आणायला पाय उचलला, पण तो टेकवेना. सकाळीच माझ्या रांगोळीवर तिचा पाय पडला, तेव्हा मी केवढी डाफरले होते! चडफडत घरात गेले, सुरी धुतली. मुठीवरचं कुंकू काही निघेना. तशीच घेऊन रिंगणाबाहेर उभी राहिले आणि हवेत वरपासून खालपर्यंत एक दार कापलं. "तसं नाही कापत," जुई फणकारली. मग जरा सरकून बसली. "ये आता. आणि दार लावून घे."