अंगणातले पिवळे दिवे

“पांढरा!” आई ओरडली.

“पांढरा!” बाबा ओरडले.

दुकानातली माणसं वळून बघायला लागली. सिप्री बाजारातलं लाइटचं दुकान, त्यात संध्याकाळची गर्दी. नचिकेतला वाटलं, समोरच्या रिकाम्या खोक्यात शिरून बसावं.

दुकानदारानं दुसरा दिवा लावला.

“पिवळा!”

“पिवळा!” बाबांनी काचेवरून हात फिरवला. “हा घे. पिवळाच घे.”

“काय बाबूजी,” दुकानदार हसला, “इतै टेसन खुल गओ का?”

“ड्राइवर थे, रेलवे में,” नचिकेत खाली बघत म्हणाला. “आदत है.”

सवय खरीच होती. इंजिनात असिस्टंट सिग्नलचा रंग मोठ्यानं सांगतो आणि ड्रायव्हर तोच रंग परत म्हणतो. म्हणजे दोघांनी बघितलंय, हे पक्कं. बाबांनी, म्हणजे शशिकांत पाटणकरांनी, ते नोकरीभर केलं आणि घरीही आणलं. स्कूटरवर मागे बसलेली आई, त्यांची इंदू, म्हणायची, “लाल!” बाबा म्हणायचे, “लाल!” पुढे उभा राहिलेला छोटा नचिकेतही घसा फोडून ओरडायचा. तेव्हा मजा यायची.

आता तो नोएडात नोकरीला होता. दिवाळीला यायचा, दोन दिवस राहून जायचा. या वेळी मात्र मुग्धाशी लग्न ठरावं म्हणून आला होता. तिचं घर खंडेराव गेटजवळ, पिढ्यान्‌पिढ्यांचं. त्यांच्या बोलण्यात अजून ‘यावे, बसावे’ असायचं. तिचे वडील कमलाकरराव रविवारी घर बघायला येणार होते, आणि ते हो म्हणाले तरच पुढचं सगळं.

नगरा भागातलं पाटणकरांचं घर म्हणजे आत दोन खोल्या, भिंतींना ओल. म्हणून चहा अंगणात द्यायचं ठरलं. म्हणून दिवे.

“भैया, सफेदवाले दिखाओ ना, चमकनेवाले,” नचिकेत म्हणाला.

“सफेद पे कीड़ा आता है. मेहमान की चाय में गिरेगा, फिर हमें मत बोलना.”

शेवटी पिवळेच घेतले. फाटकाच्या खांबांवर दोन, पेरूखाली जमिनीत खोचायचे छोटे, आणि मागच्या ओट्यावर सोडायला एक लांब माळ.

बाहेर पडताना आईनं बाबांचा हात धरला. भर बाजारात, दोघं अगदी चिकटून. कुणीतरी शिटी मारली.

ई-रिक्षात बसल्यावर नचिकेतनं सांगून टाकलं. “आई, रविवारी हे नको.”

“काय नको?”

“हे ओरडणं. हे हात धरून फिरणं. एकदासुद्धा नको. ते केवढे मोठे लोक आहेत, कळतंय का तुला? हसतील आपल्याला.”

आईनं बाबांकडे बघितलं. “अरे, पण यांना...”

“इंदू,” बाबा म्हणाले. “त्याचं बरोबर आहे. त्याच्या लग्नाचा प्रश्न आहे. तू गप्प राहायचं. माझं मी बोलेन, चारचौघांसारखा.”

रिक्षा घरापाशी थांबली. दाराशी झाकून ठेवलेल्या स्कूटरवर वीतभर धूळ होती. पेट्रोल परवडत नाही, असं बाबा फोनवर म्हणाले होते.

दिवे नचिकेतनं स्वतःच बसवले. यूट्यूबवर बघितलं आणि वायर ओढली. शेवटचा जोड रविवारी दुपारी दिला. बाबा भिंतीच्या कडेकडेनं वायर चाचपत आले. “टेप नीट लावलीस ना रे?”

“लावली हो. तुम्ही बसा ना जरा!”

बाबा पेरूखालच्या वेताच्या खुर्चीत जाऊन बसले. नवा सदरा, भांग पाडलेला. ते बसले ते बसलेच.

पाहुणे, कमलाकरराव आणि मुग्धा, उन्हं उतरल्यावर आले.

बाबा उठले नाहीत. कमलाकरराव पार खुर्चीपर्यंत आले, तेव्हा कुठे बसल्या बसल्या हात जोडले, तेही फाटकाच्या दिशेला. नचिकेतच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

मुग्धानं करंज्यांसारख्या गुजियांची बशी बाबांपुढे धरली. बाबांचे हात मांडीवरच. ती बशी धरून तशीच उभी. शेवटी आईनं एक गुजिया उचलून त्यांच्या तळहातावर ठेवली.

“वा! आपल्याकडे अजून हातात आणून देतात,” कमलाकरराव म्हणाले. “आमच्याकडे चहासुद्धा स्वतः गाळून घ्यावा लागतो.”

“तुमची सेवा कमी पडत असेल,” बाबा म्हणाले. सगळे हसले. मुग्धा तेवढी हसली नाही. ती बाबांकडे बघत राहिली. नचिकेतला वाटलं, झालं. हिला राग आला.

असा बाप, असलं घर. आणि आपल्याला त्याची लाज वाटते, याचीही वर लाज. त्यानं चहा न पिताच कप खाली ठेवला.

अंधार पडायला लागला.

“आपण अंगणात दिवे लावलेत म्हणे,” कमलाकरराव म्हणाले. “मुग्धा सांगत होती.”

नचिकेत उठला. निदान एवढं तरी नीट होईल. सगळ्यांनी माना वर केल्या. तो दारापाशी गेला.

“बघा हं,” म्हणाला आणि बटण दाबलं.

खट्.

एकही दिवा लागला नाही. ना खांबावरचा, ना पेरूखालचा. शेजाऱ्यांच्या गच्चीवरचा बल्ब लख्ख जळत होता, यांच्याच अंगणात अंधार. नक्की तो दुपारचा जोड. शेजाऱ्यांच्या त्या उजेडात आई बाबांकडे झुकलेली दिसली. तिनं तोंड उघडलं, नचिकेतकडे बघितलं आणि मिटून घेतलं.

बाबांनी आपणहून मान वर केली. तोंडभर हसले आणि हळू, चारचौघांसारखं म्हणाले,

“बघा कमलाकरराव, सगळं अंगण कसं पिवळं झालंय.”